हशा ऐकू येईल इतक्या अंतरावर

वडखळला मुंबई-गोवा महामार्ग सोडून अलिबागची एसटी उजवीकडे वळते. डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या मागे पडल्या की हवेत एकदम खारं काहीतरी येतं आणि अंबा नदीची खाडी दिसते. हे धरमतर. भरतीच्या पाण्यावर कोळसा आणि खनिज घेऊन आलेले बार्ज एकामागे एक उभे असतात. ओहोटी असेल तर दोन्ही काठांना गुळगुळीत करडा चिखल आणि त्यावर बगळे. पुलावर गाडी जरा हळू होते. प्रवाशांपैकी कुणी डुलकी काढत असतं, कुणी तिकिटाची घडी करत असतं. मागच्या बाकावरचा एखादा गृहस्थ हेडफोन वगैरे भानगडीत न पडता मोबाइल कानाजवळ धरून काहीतरी ऐकत असतो. तो आवाज मराठी माणसाला ओळखायला दोन शब्द पुरतात. पु. ल. देशपांडे ‘म्हैस’ सांगत असतात.

एसटीत बसून एसटीचीच गोष्ट ऐकायची, हा योग पेण-वडखळच्या पट्ट्यात वरचेवर येतो. कोकणच्या रस्त्यावर एसटीखाली म्हैस येते आणि सगळी गाडी खोळंबते, एवढंच काय ते कथानक. पण उस्मानशेट, झंप्या दामले, मधु मलुष्टे, सुबक ठेंगणी आणि म्हशीचा मालक धर्मा मांडवकर अशी माणसं एकाच गळ्यातून बाहेर पडायला लागली की ऐकणारा आपल्या गाडीतही त्यांना शोधू लागतो. सापडतातही. वडखळ नाक्यावर वाहनांची रांग लागली आणि पुढे एखादं जनावर रस्त्यात रवंथ करत बसलेलं असलं, तर मग बोलायलाच नको.

या लेखासाठी संपादकांनी विषय दिला तो असा: एकट्याने उभं राहून लोकांना हसवणारा माणूस टीव्हीचा निर्माता होतो तेव्हा त्याचं काय होतं? विषय निघाला की आज पहिलं नाव येतं कपिल शर्माचं. २००७ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ जिंकलेला अमृतसरचा हा मुलगा २०१३ मध्ये ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ घेऊन आला आणि स्वतःच्या ‘के नाइन’ संस्थेचा निर्माता झाला. याच स्पर्धेचं २००५ सालचं पहिलं विजेतेपद आपल्या हिंगणघाटच्या सुनील पालने मिळवलं होतं, हे मात्र आपण विसरतो.

पण मराठीत ही गोष्ट त्याच्याही अर्धशतक आधी घडून गेली. आणि घडली ती उलट्या दिशेने.

बंदर, चाळ आणि मधला रस्ता

धरमतर आज कारखान्याचं बंदर म्हणून ओळखलं जातं. त्याआधी ते माणसांचं बंदर होतं. मुंबईहून आगबोट आणि पुढे लाँच धरमतरला लागायची आणि पेण, नागोठणे, माणगाव, महाडकडचा माणूस इथे उतरून पुढची वाट धरायचा. मुंबईच्या चाळीतल्या चाकरमान्याला गणपती-शिमग्याला गावी जायचं तर रत्नागिरीकडच्यांना थेट समुद्राची बोट, आणि तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्याच्या पोटातल्यांना ही खाडी. वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं, गिरगावातून घेतलेली मिठाई आणि बोट लागल्याने पिवळा पडलेला एखादा चेहरा हे या धक्क्याचं रोजचं चित्र. रस्ते झाले, पूल झाला, एसटी आली आणि माणसांची बोट गेली.

पु. लं.नी ज्या माणसांवर हयातभर विनोद केला ती हीच, चाळीतून गावी आणि गावातून चाळीत येणारी माणसं. धुळा नामा बटाटे यांनी बांधलेल्या ‘बटाट्याच्या चाळी’त त्रिलोकेकर, अण्णा पावशे, बाबूकाका खरे, आचार्य बर्वे, एच्च. मंगेशराव नांदले. चाळीचं भ्रमणमंडळ प्रवासाला निघतं त्यातला गोंधळ धक्क्यावर उभं राहून पाहिलेल्या माणसालाच लिहिता येईल, असं वाटत राहतं.

स्वतः पु. ल. मुंबईचेच. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी गावदेवीत जन्म, वाढले जोगेश्वरी आणि पार्ल्यात. आजोबा वामन मंगेश दुभाषी, ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहिणारे. त्यांनी लिहून दिलेलं भाषण पाच वर्षांच्या पुरुषोत्तमाने शाळेत हावभावांसह ठोकलं, तिथून हे बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. शाळामास्तरकी झाली, बेळगाव आणि मुंबईत प्राध्यापकी झाली, सिनेमा झाला. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सगळं पु. ल. ‘सबकुछ पु. ल.’ हा शब्दप्रयोग तिथला. पैसा तेवढा दुसऱ्याचा. निर्माता या शब्दाशी त्यांची खरी गाठ पडायची होती ती पुढे, सरकारी इमारतीत.

सरकारी निर्माता

१९५५ मध्ये पु. ल. आकाशवाणीत लागले. त्या काळी नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. रेडिओवरून सिनेसंगीत हद्दपार करणारे म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या. पण याच माणसाच्या काळात लेखक, कवी, गवई, नाटकवाले यांना ‘प्रोड्यूसर’ म्हणून आकाशवाणीत घेण्याची पद्धत रुळली. फायली हलवणारे अधिकारी वेगळे आणि कार्यक्रम घडवणारे वेगळे, अशी ही वाटणी. पु. ल. नाट्यविभाग बघू लागले.

इथे ‘निर्माता’ या शब्दाचा घोळ आधी सोडवायला हवा. आज मराठीत निर्माता म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पैसा लावणारा, वाहिनीशी करार करणारा, सेटचं भाडं आणि कलाकारांच्या तारखा सांभाळणारा माणूस. आकाशवाणीतला निर्माता पगारदार. त्याच्या खिशाला काही तोशीस नाही, नफाही नाही. संहिता मिळवायची, माणसं गोळा करायची, तालमी घ्यायच्या, आवाज जुळवायचे आणि घड्याळाच्या काट्यावर कार्यक्रम संपवायचा. वर्तमानपत्रात उपसंपादक करतो ते, नाटकात दिग्दर्शक करतो ते आणि लग्नघरात आचारी करतो ते, ही तिन्ही कामं एकाच पगारात.

रेडिओने पु. लं.ना एक मोठी गोष्ट शिकवली असणार. हजारो लोक ऐकत असले तरी बोलायचं असतं एकाच माणसाशी. माइकसमोर सभेतलं भाषण चालत नाही. ओसरीवर बसून सांगितल्यासारखं सांगावं लागतं. पुढच्या त्यांच्या सगळ्या कथाकथनात तो सूर आहे. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहातही ते ‘तुम्हा सर्वांना’ असं बोलत नाहीत, शेजारच्या खुर्चीवरच्या कुणालातरी सांगत असतात आणि बाकीचे आडून ऐकतात.

१९५८ मध्ये आकाशवाणीने त्यांना लंडनला बीबीसीत प्रशिक्षणासाठी पाठवलं. त्या प्रवासाचं ‘अपूर्वाई’ घराघरात पोचलं. त्यातली बोट, विलायती थंडी आणि पॅरिस सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मुळात ज्या कामासाठी गेले होते ते टेलिव्हिजन मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहणं कठीणच होतं. मराठी वाचकाने तोवर ती पेटी पाहिलीच नव्हती.

लाल दिवा लागला की

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारताचं टेलिव्हिजन सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. ‘सुरू झालं’ म्हणताना फार काही डोळ्यांपुढे आणू नये. आकाशवाणी भवनातला एक स्टुडिओ, दिल्लीपुरताच पोचणारा छोटा प्रक्षेपक, आठवड्यातून दोन दिवस, तेही तासभर. युनेस्कोच्या मदतीने आलेले संच वस्त्यावस्त्यांत ठेवलेले आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या मंडळाला ‘टेलिक्लब’ हे नाव. रोजचं प्रक्षेपण व्हायला १९६५ साल उजाडलं आणि आकाशवाणीपासून दूरदर्शन वेगळं झालं ते १९७६ मध्ये. या पहिल्यावहिल्या घरात जे निर्माते म्हणून रुजू झाले त्यांत पु. ल. होते. पंडित नेहरूंची दूरदर्शनसाठी पहिली मुलाखत घेतली तीही त्यांनीच.

तेव्हा ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नव्हती. जे घडेल ते त्याच क्षणी बाहेर. आजच्या शूटिंगमध्ये वाक्य चुकलं तर ‘परत घेऊ’ म्हणतात. तिथे परत घ्यायला काही नव्हतंच. लाल दिवा लागला की बोलणाऱ्याने खोकायचंही नाही. दिव्यांचा प्रचंड उकाडा, आडदांड कॅमेरे, जमिनीवर केबलचे अजगर. एका सेटवरून दुसऱ्यावर कॅमेरा न्यायचा तर मधल्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी काहीतरी भरून काढायला हवं. निर्माता काचेमागच्या खोलीत, कानाला यंत्र, समोर दोन-तीन पडदे, हातात वेळेचा कागद.

विनोदी माणसासाठी या सगळ्यात खरी अडचण काच ही होती. काचेपलीकडचं हसू ऐकू येत नाही. स्टुडिओतला कॅमेरामन हसला तर त्याचा कॅमेरा हलतो, म्हणून तो हसत नाही. टेलिक्लबात बसलेली पंचवीस माणसं हसली की नाही, ते कधीच कळत नाही. विनोद सांगणारा आपलं पुढचं वाक्य आधीच्या हशावर बेतत असतो. किती थांबायचं, आवाज कुठे पाडायचा, एखादं विशेषण गाळायचं की दोन वाढवायची, हे सगळं समोरून येणाऱ्या त्या लाटेवर ठरतं. होडी पाण्यात घालणाऱ्याला लाट दिसलीच नाही तर तो वल्हं कधी मारणार?

त्यातून दिल्ली. त्यातून हिंदी. त्यातून सरकारी कार्यक्रम: शेती, आरोग्य, नागरिकांची कर्तव्यं. चाळीतल्या आचार्य बर्व्यांना तिथे कोण ओळखणार?

काचेच्या अलीकडे

पु. ल. दिल्लीत रमले नाहीत. नोकरी सोडली आणि मुंबईला परतले. १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आला. पुस्तक १९५८ चं. आता त्यातली सगळी चाळ एकटा माणूस उभी करणार होता. बायका, पोरं, म्हातारे, गुजराती, कारवारी, सगळे. नेपथ्याचा बडेजाव नाही, वाद्यवृंद नाही. मागोमाग १९६२ मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ आली, ती अनेक पात्रांची. ‘असा मी असामी’त ते धोंडो भिकाजी जोशी नावाच्या कारकुनाच्या तोंडून बोलले.

आजचा स्टँड-अप करणारा तरुण स्वतःच्या नावाने बोलतो. माझं लग्न, माझी सोसायटी, माझा बॉस. एकपात्रीची मराठी रीत जरा निराळी. तिच्यात कीर्तनकार आहे, बहुरूपी आहे, भारुडात सोंग घेणारा आहे. तो ‘मी’ म्हणतो तेव्हाही दुसऱ्याच कुणाचा तरी मी असतो. कीर्तनकार उभ्याउभ्या कैकेयी होतो आणि दुसऱ्या क्षणी परत बुवा. मध्ये पडदा पडत नाही. पु. लं.नी केलं ते हेच. फक्त अयोध्येच्या जागी गिरगाव आणलं.

टेलिव्हिजनमध्ये काढलेला थोडा काळ मात्र फुकट गेला असं म्हणवत नाही. एकपात्री प्रयोगाची बांधणी पाहिली की त्यात निर्माता दिसतो. कोणतं पात्र किती मिनिटं, हशा कुठे, हशानंतर एखादी उदास ओळ कुठे, मध्यंतर कोणत्या ठिकाणी, हे सगळं वेळेच्या कागदावर मांडल्यासारखं चोख. लोकांना वाटायचं, पु. ल. आले आणि सुचेल तसं बोलत गेले. असं ‘सुचेल तसं’ रोज रात्री त्याच जागी सुचायला फार तयारी लागते.

आणि या निर्मितीतला दुसरा हात पत्नी सुनीताबाईंचा. प्रयोगाची शिस्त, तालीम, संयोजकांशी बोलणं, हिशेब, हक्कांचा काटेकोरपणा हे सगळं त्यांच्याकडे. त्यांचा कडकपणा मराठी सांस्कृतिक जगात इतका प्रसिद्ध होता की अनेकांना पु. लं.चं पत्र येणं हा आनंद आणि सुनीताबाईंचं पत्र येणं हा घाम. १९९० च्या ‘आहे मनोहर तरी’त त्यांनी या संसाराचा जमाखर्च इतक्या निर्भीडपणे मांडला की काही पुलप्रेमी दुखावले. पण आजच्या भाषेत बोलायचं तर त्या जोडीतला निर्माता कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात आहे. प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेल्या पैशाचं १९६५ मध्ये प्रतिष्ठान झालं. व्यसनमुक्तीसाठी १९८६ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण’पासून कितीतरी कामांना तो पैसा गेला. चाळीतल्या हशाचं असं रूपांतर करून दाखवणारी दुसरी निर्मितीसंस्था मराठीत सापडणं अवघड.

वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. वरळीचा तीनशे मीटरचा मनोरा खाडीच्या या बाजूच्या माणसांना कौलावरच्या अँटेनातून ओळखीचा झाला. पेण, अलिबाग, रोह्याकडे ज्याच्या घरी संच, त्याच्या ओटीवर शनिवारी-रविवारी अख्खी आळी. वारा आला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या. मग एक पोरगं कौलावर, एक दारात आणि एक टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘गेलं!’ ‘जरा इकडे घे!’ हाही एक प्रकारचा थेट कार्यक्रमच होता.

या मुंबई केंद्रावर हसवणारी माणसं निर्मात्याच्या खुर्चीत बसली. बबन प्रभू हे फार्सचे राजे, त्यांचा आणि याकूब सईद यांचा ‘हास परिहास’ लोक आजही आठवतात. सईद स्वतः केंद्राचे निर्मातेही होते. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या प्रहसनांची चटक लावली. चि. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही जोडी चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणूनच रस्त्यात ओळखली जाऊ लागली. स्टुडिओ तोच, काच तीच. पण एव्हाना प्रेक्षक मराठी होता आणि ओटीवरचा हशा आळीभर ऐकू जात होता. केंद्रापर्यंत तो पोस्टकार्डाने पोचायचा, आठवड्याभराने.

गाडी आणि गारी

धरमतरच्या दोन्ही काठांना खारेपाट. समुद्राला बांध घालून काढलेली भातशेती, मिठागरं, मासे आणि आगरी बोली. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, आणि गाडीची ‘गारी’. पु. लं.च्या गाजलेल्या वल्लींमध्ये रत्नागिरीचा अंतू बर्वा आहे, बेळगावचे रावसाहेब आहेत, पारशी पेस्तनकाका आहेत. ठसठशीत आगरी माणूस नाही. मुंबईच्या इतक्या जवळचा हा आवाज मराठी विनोदाच्या कानावर उशिरा पडला.

पडला तो खासगी वाहिन्यांच्या काळात. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, वर्षभरात ई टीव्ही मराठी. तास भरायला माणसं हवी होती आणि प्रत्येक वाहिनीला आपापल्या गावाचा आवाज हवा होता. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला आधीच रंगमंचावर मान मिळवून दिला होता. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी आणली. अरुण कदमांनी आगरी, आणि ‘दादूस’ हे नाव घराघरात गेलं.

पेणच्या बाजारात या दादूसबद्दल दोन्ही बोलणी कानावर येतात. आपली भाषा टीव्हीवर आली याचं अप्रूप, आणि ती आली ती हसण्यापुरतीच आली याची बारीक बोच. याच पट्ट्यातल्या आगरी कुळांनी १९३३ ते १९३९ असा चरीचा संप केला, जमीन पडीक ठेवून, उपाशी राहून, खोतीविरुद्ध. असा इतिहास असलेल्या माणसाला प्रहसनात सतत भोळसट दिसावं लागलं की कुणाची तरी भुवई वर जाणारच. भाषेला हसणं आणि भाषेत हसणं यांत फरक आहे. चांगल्या नटाच्या हातात तो फरक एका विरामाएवढा असतो. अरुण कदमांचे चांगले प्रसंग पाहिले की कळतं, आगरी माणूस वेडा ठरत नाही, त्याच्यापुढे सफाईदार मराठी बोलणारा मनुष्य मात्र उघडा पडतो.

विनायक माळीसारख्यांनी यूट्यूबवर मधला माणूसच काढून टाकला. लेखन स्वतःचं, अभिनय स्वतःचा, चित्रीकरण आपल्याच माणसांत आणि निर्माताही आपणच. वाहिनीचा हिशेबनीस नाही, भाषा सौम्य करा म्हणणारा कुणी नाही. त्या चित्रफितींखाली खारेपाटातले लोक आपल्याच बोलीत लिहितात. काच जरा पातळ झाली म्हणायची.

परीक्षकांचं हसणं

आजची मोठी विनोदी निर्मिती कशी चालते ते पाहिलं की पु. ल. दिल्लीतून का परतले असतील याचा अंदाज येतो, आणि त्यावर काय तोड निघाली तेही दिसतं.

सोनी मराठीवर २०१८ पासून चाललेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्या ‘वेट क्लाउड प्रॉडक्शन’ची. दोघेही मुळात लिहिणारे, बसवणारे. तिथे एका प्रहसनाचा जन्म लेखकाच्या कागदावर होतो. मग वाचन, मग कलाकारांची भर, मग काटछाट, मग रंगीत तालीम. चित्रीकरणाच्या दिवशी एकापाठोपाठ अनेक प्रहसनं उरकली जातात, कारण सेट, दिवे, कॅमेरे आणि कलाकारांच्या तारखा यांचं भाडं तासावर चालतं. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांसारखे कलाकार लिहितातही. त्यामुळे लिहिणारा, करणारा आणि बसवणारा यांच्यात भिंत राहत नाही.

समोर बसलेले परीक्षक ही या सगळ्यातली खरी युक्ती. प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर हसतात. मनापासून, खुर्चीतून खाली येईपर्यंत हसतात. नटाला तो हशा त्याच क्षणी ऐकू येतो. म्हणजे जी लाट १९५९ च्या स्टुडिओत नव्हती, तिची इथे दोन माणसांपुरती सोय केलेली आहे. घरी पाहणाऱ्यालाही कुठे हसायचं ते कळतं, हा वरचा फायदा. काहींना परीक्षकांचं हे हसणं अति वाटतं. क्वचित असतंही. पण ते काढून टाकलं तर त्याच प्रहसनातला नट पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा दिसेल.

झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’ने २०१४ मध्ये दुसरी वाट काढली. डॉ. निलेश साबळे शिक्षणाने डॉक्टर, नकलांतून पुढे आलेले. तेव्हा सूत्रधार, लेखक आणि दिग्दर्शकही तेच होते. त्यांनी ‘थुकरटवाडी’ नावाचं गावच वसवलं. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे. नाटक-सिनेमावाल्यांनी आपलं काम घेऊन या गावात यावं, पाहुणे म्हणून समोर बसावं आणि हसावं. प्रसिद्धीची गरज आणि हशाची गरज अशी एकात एक बसवली. पहिल्या पर्वाला दहा वर्षं मिळाली.

इथे माणसाचं मूळ काम हळूहळू बदलतं. जो उभा राहून बोलायचा तो काचेमागे जातो. गुरुवारी वाहिन्यांचे आकडे येतात आणि शुक्रवारी लेखकांच्या बैठकीचा सूर त्यावर ठरतो. दर आठवड्याला नवी प्रहसनं. एकपात्री कलाकार एकच कार्यक्रम शेकडो वेळा करून घासत राहतो. त्यातला शब्द पन्नासाव्या प्रयोगाला आपली जागा घेतो. टीव्हीत पन्नासावा प्रयोगच नसतो. पहिलाच शेवटचा. हसवणाऱ्या माणसाला टीव्हीने पैसा आणि ओळख भरपूर दिली. घासायला लागणारी सवड तेवढी काढून घेतली. म्हणून मधूनच यांतलं कुणीतरी वाहिनीच्या धबडग्यातून बाहेर येतं आणि नाट्यगृहात एकट्याने उभं राहतं.

पु. ल. स्वतः टीव्हीवर परतले ते निराळ्या वाटेने. ध्वनिमुद्रिकांतून, कॅसेटमधून, कथाकथनाच्या चित्रफितींतून. २०१८ मध्ये ‘सब’ वाहिनीवर त्यांच्या लेखनावर बेतलेली ‘नमुने’ ही हिंदी मालिका आली, त्यात सुबोध भावे होते. २०१९ मध्ये महेश मांजरेकरांचा ‘भाई: व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट दोन भागांत आला. ज्या हिंदी टेलिव्हिजनमधून ते निघून आले होते, त्यावर साठ वर्षांनी त्यांचीच पात्रं हिंदी बोलू लागली.

भांबुर्ड्याचा पाला

रायगडात थंडी पडली की पोपटी लागते. शेताच्या बांधावर मडकं आणायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, हौस असेल तर मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. आतल्या वाफेवर सगळं शिजतं. मडक्याचा वास बदलला की जाणती माणसं सांगतात, झालं. तोवर पाऊण तास जाळाभोवती बसायचं.

हा पाऊण तास म्हणजे खारेपाटातला जुना एकपात्री मंच. प्रत्येक टोळक्यात एक बोलणारा असतोच. सरपंचाची नक्कल, तलाठ्याची नक्कल, मुंबईहून आलेल्या मेहुण्याची नक्कल. त्याचा प्रेक्षक हाताच्या अंतरावर, अंधारात, जाळाच्या उजेडात अर्धाच दिसणारा. कुणी हसलं नाही तर तो त्याच क्षणी गोष्ट वळवतो. मेहुण्याचा सासरा करतो, सासऱ्याची म्हैस करतो. रोहा, पेण, पोयनाडच्या बाजूला या माणसांची कमतरता नाही. रोह्याने तर बोलण्याच्या जोरावर गावंच्या गावं बांधणारे पांडुरंगशास्त्री आठवलेही दिले. ते हसवायला उभे राहत नसत, एवढाच काय तो फरक.

यातला एखादा पोरगा हल्ली पोपटीचा व्हिडिओ काढतो. फोन काठीला बांधून उभा करतो आणि त्याच्याकडे पाहून बोलायला लागतो. पहिल्या दोन वाक्यांत त्याचा आवाज बदललेला असतो, जरा मोठा, जरा शहरी. तिसऱ्या वाक्याला शेजारचा कुणीतरी मध्येच आगरीत टोमणा मारतो, सगळे खदखदतात आणि पोरगा फोन विसरून परत जाळाकडे वळतो. व्हिडिओतला चालतो तो भाग नेमका तिथून पुढचा असतो.

पेणला गणपतीच्या कारखान्यांत दिवाळीच्या सुमाराला जरा शांतता असते. मोठा हंगाम उरकलेला, साचे भिंतीला टेकवून ठेवलेले. माघी गणपतींचं काम मात्र चालू असतं. एका कोपऱ्यात आखणी करणारा कारागीर बैठक मारून बसतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यातलं हे सगळ्यांत जोखमीचं काम. पापणीची रेघ केसाएवढी. हात हलला तर चेहरा गेला. शेजारी रंगाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर ‘म्हैस’ चालू असते, किंवा हास्यजत्रेतलं एखादं प्रहसन. कितव्यांदा, ते त्यालाही सांगता येणार नाही. मोबाइलकडे तो बघत नाही. ब्रश पापणीवरून सरकत असतो. आणि ठरलेल्या वाक्याच्या किंचित आधी तो ब्रश मूर्तीपासून वीतभर उचलतो, हसून घेतो, आणि पुन्हा टेकवतो.